गावाची राखण आणि राज्याची तिजोरी



आपल्या राज्यघटनेच्या शेवटी दोन याद्या जोडलेल्या आहेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेली अकरावी अनुसूची गावांसाठी आहे आणि ७४ व्या दुरुस्तीने आलेली बारावी अनुसूची शहरांसाठी. शहरांच्या यादीत १८ विषय आहेत आणि त्यांत सातवा विषय अग्निशमन सेवा हा आहे. गावांच्या यादीत २९ विषय आहेत. शेती आहे, लघुपाटबंधारे आहेत, मत्स्यव्यवसाय आहे, पिण्याचं पाणी, रस्ते, शाळा, बाजार, ग्रंथालयं, सगळं आहे. आग विझवणं मात्र त्यात नाही. जिथे कडब्याच्या गंज्या आहेत, जिथे विजेच्या तारा लोंबकळून उभा ऊस पेटतो, जिथे गोठ्याला लागून घर आणि घराला लागून दुसरं घर आहे, त्या गावांच्या यादीत हा विषय नाही.

आता आपल्या महाराष्ट्र राज्याचा ग्रामपंचायत कायदा पाहा. तो १९५८ चा आहे. त्याच्या अनुसूचीत गावाच्या संरक्षणाचं एक सदर आहे. गावाची आणि पिकांची राखण करणं, आग लागली तर ती विझवायला मदत करणं, माणसांचा जीव आणि मालमत्ता वाचवणं ही कामं त्यात ग्रामपंचायतीकडे दिली आहेत. पण त्याच कायद्यात अशी मेख आहे की ही कामं ग्रामनिधी पुरेल तेवढीच करायची. निधी पुरला नाही तर काय, याचं उत्तर त्या कलमात नाही. गेली कित्येक दशकं ते उत्तर गावानेच अंगमेहनतीने दिलं आहे. आग लागली की लोक धावतात, विहिरीवरची मोटार चालू होते, जवळच्या साखर कारखान्याला फोन जातो आणि कारखान्याचा बंब येईपर्यंत हातातल्या कळश्यांवर भागवलं जातं.

राज्य सरकार गावाच्या सुरक्षेसाठी पैसा देतं, ही गोष्ट मला आधी मान्य करायची आहे. तो पैसा पूर्वीपेक्षा कितीतरी वाढला आहे. गाड्या येतात, यंत्रं येतात, कॅमेरे येतात, फोन क्रमांक येतात. मला सलतं ते वेगळंच. हा पैसा वस्तूंसाठी मोकळ्या हाताने निघतो आणि ती वस्तू ज्याच्या हातात जायची त्या माणसाशी येऊन थांबतो. आजच्या व्याख्यानात मला एवढंच मांडायचं आहे, पण ते नीट मांडायचं तर थोडं मागे जावं लागेल.

गावाची राखण पूर्वी कोण करत होतं? वेशीवर वेसकर होता. रात्री जागल्या होता. काही भागांत रामोशी होते, त्यांच्याकडे चोराचा माग काढण्याचं काम होतं. सरकारी खजिना पोचवणं, सांगावा नेणं, गावात मयत झाली तर नातेवाइकांना दूरच्या गावी जाऊन कळवणं, मेलेली जनावरं ओढणं, हद्दीच्या खुणा दाखवणं ही कामं महार समाजावर होती. या सगळ्याच्या बदल्यात थोडी वतनी जमीन आणि सुगीला खळ्यावर मिळणारं बलुतं. चाकरी सरकारची, राखण सगळ्या गावाची, आणि मोबदला मात्र प्रत्येक कुणब्याच्या दाराशी जाऊन मागायचा. द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. आणि मागणारा मान वर करून बोलला तर ते बंद.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक आणलं. त्यांचं म्हणणं साधं आणि रोखठोक होतं. जो सरकारचं काम करतो त्याचा मोबदला सरकारने ठरवावा, बलुत्याचं रूपांतर पैशात करावं आणि तो पैसा सरकारने वसूल करून त्याच्या हाती द्यावा. ज्याला वतन नको असेल त्याला जमीन ठेवून चाकरीतून मोकळं होता यावं. पुढच्या वर्षी ते विधेयक मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये आला.

आपण या विधेयकाकडे जातिमुक्तीच्या लढ्यातलं एक पाऊल म्हणून पाहतो, आणि ते तसं आहेच. पण मी ते जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला त्यात सार्वजनिक वित्ताचा एक प्रश्नही दिसतो. गावाच्या सुरक्षेचा खर्च कोणी उचलायचा? बाबासाहेबांनी तो प्रश्न सरकारच्या पुढ्यात ठेवला. जवळपास शंभर वर्षं होत आली. वतनं गेली, बलुतं गेलं, पण गावाची राखण कुणीतरी जवळजवळ फुकट करावी ही अपेक्षा आपल्या कारभारात खोलवर मुरलेली आहे. ती वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा वर येते.

पाटीलकीचंच घ्या. मुलकी पाटलाचं वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने संपलं. १९६७ मध्ये महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम आला आणि पोलीस पाटील हे नेमणुकीचं पद झालं. प्रांताधिकारी, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी ही नेमणूक करतात. दहावी पास असावं लागतं, गावचाच रहिवासी असावा लागतो. आज आरक्षणामुळे आणि परीक्षेमुळे या पदावर शेतमजुरांची मुलं आली आहेत, बाया आल्या आहेत. एकेकाळच्या वाड्यातली खुर्ची आज एखाद्या अंगणवाडीच्या शेजारच्या दोन खोल्यांत गेली, हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

या पोलीस पाटलाने काय काय करायचं? गुन्हा घडला की ठाण्याला कळवायचं. विहिरीत कुणाचा मृतदेह आढळला तर पोलीस येईपर्यंत तिथे उभं राहायचं, मग ते येईपर्यंत रात्र सरली तरी. पंचनाम्याला पंच शोधायचे. जत्रेचा बंदोबस्त, मिरवणुकीचा मार्ग, निवडणुकीची पेटी, पुराचा इशारा, साथीची खबर. दोन भावकींत बांधावरून तणाव वाढतोय हे सगळ्यांत आधी त्याला कळतं आणि ते वेळीच कळवलं तर डोकी फुटायची वाचतात. राज्यात पोलीस पाटलांची पदं ३८ हजारांच्या आसपास आहेत. त्यांचं मानधन काही वर्षांपूर्वीपर्यंत ३ हजार होतं, मग साडेसहा हजार झालं आणि मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते १५ हजार करण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाचं मी मनापासून स्वागत करतो. त्यासाठी संघटनांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते. पण मानधन वाढणं आणि ते दरमहा हातात पडणं यांत अंतर आहे. इथे बसलेल्या पोलीस पाटलांना ते अंतर मी सांगायची गरज नाही. पगार थकला तर कर्मचारी दाद मागू शकतो. मानधन थकलं तर तहसील कार्यालयात जाऊन विचारायचं आणि ‘अनुदान आलं नाही’ हे ऐकून परत यायचं.

गृहरक्षक दलाचीही कथा अशीच. हे दल १९४६ मध्ये मुंबई प्रांतात उभं राहिलं. गणपतीचा बंदोबस्त असो, पूर असो की निवडणूक, होमगार्डशिवाय जिल्ह्याचा गाडा चालत नाही. २०२४ मध्ये त्यांचा दिवसाचा भत्ता ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये झाला. चांगलंच झालं. पण काम असेल त्या दिवशीच भत्ता, आणि काम किती दिवस मिळेल हे मंजूर निधीवर. ग्रामसुरक्षा दलाला तर तेवढंही नाही. १९५१ च्या पोलीस कायद्यात त्याची तरतूद आहे, चोऱ्या वाढल्या की त्याची आठवण होते, तरुणांना शिट्ट्या, टोप्या आणि बॅटऱ्या मिळतात आणि दिवसभर राबून आलेली पोरं रात्री दोनला चौकात उभी राहतात. चार-सहा महिन्यांनी गस्त मोडते. गस्त का मोडली म्हणून मग त्याच पोरांना बोल लावला जातो.

आता पैसा कसा येतो ते पाहू. पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. तरी केंद्र सरकार १९६९-७० पासून पोलीस दलाच्या आधुनिकीकरणासाठी राज्यांना मदत देत आलं आहे. आपल्यासारख्या राज्याला त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असा वाटा असतो. शस्त्रं, दळणवळण, न्यायवैद्यक उपकरणं, प्रशिक्षण यांवर तो खर्च होतो. पगारावर होत नाही. जिल्हा वार्षिक योजनेतून पोलीस ठाण्यांना गाड्या मिळतात, चौकाचौकांत सीसीटीव्ही लागतात. आमदार-खासदार निधीतून ग्रामीण रुग्णालयांना रुग्णवाहिका मिळतात. ११२ हा क्रमांक निर्भया निधीतून उभा राहिला. २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटींपासून सुरू झालेला तो निधी. महाराष्ट्रात ११२ ची यंत्रणा २०२१ पासून चालू आहे आणि तिच्यामुळे अडचणीतल्या बाईला मध्यरात्री कुणाच्या ओळखीशिवाय पोलिसांपर्यंत पोचता येतं, ही लहान गोष्ट नाही.

पण या साऱ्या रकमांची मांडणी बारकाईने पाहिली की एक सूत्र हाती लागतं. कार्यालयीन भाषेत एक असतो अनावर्ती खर्च, म्हणजे एकदाच करायचा, आणि एक आवर्ती, म्हणजे दरसाल करायचा. अनुदान मिळतं ते बहुतेक अनावर्ती खर्चाला. गाडी अनावर्ती. चालक, डिझेल, टायर, विमा, दुरुस्ती आवर्ती. प्रस्ताव जातो, प्रशासकीय मान्यता येते, निविदा निघते, मार्चएंडच्या आत बिल निघावं म्हणून धावपळ होते, गाड्या मैदानात रांगेने उभ्या राहतात, नारळ फुटतो, उपयोगिता प्रमाणपत्र जातं. कागदावर योजना तिथे पूर्ण होते. गावाच्या दृष्टीने ती तिथे सुरू व्हायची असते. दोन पावसाळ्यांनंतर त्या गाडीची क्लच प्लेट गेली की ती बदलायचा पैसा कोणत्या लेखाशीर्षातून काढायचा यावर पत्रव्यवहार चालतो आणि गाडी ठाण्याच्या आवारात चिंचेखाली उभी असते.

पैशाच्या अटींचा माणसांच्या वागण्यावर कसा परिणाम होतो, याचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. त्याआधी त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातून दाखवून दिलं होतं की बक्षिसाच्या चुरशीने गावं हातात झाडू घेतात. तीच युक्ती त्यांनी शांततेला लावली. ग्रामसभेने तंटामुक्त समिती नेमायची, पोलीस पाटलाने निमंत्रक व्हायचं, बांधावरचे, पाण्याच्या पाळीचे, वाटणीचे तंटे सामोपचाराने मिटवायचे, नवे होऊ द्यायचे नाहीत, एक गाव एक गणपती करायचा. गुण मोजायचे आणि पात्र गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांच्या घरात पुरस्कार द्यायचा. गावाच्या शांततेसाठी राज्याने थेट गावाच्या खात्यात पैसा टाकण्याची कल्पना इतक्या मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे यापूर्वी कुणी राबवली नव्हती.

त्या मोहिमेने चांगलं खूप केलं. तालुक्याच्या कोर्टात दहा-दहा वर्षं लोंबकळणारे दावे गावच्या पारावर मिटले. वकिलाच्या फीसाठी रान गहाण पडायचं थांबलं. भाऊ भावाशी बोलू लागला. हे मी सर्वांत आधी सांगतो, कारण आर. आर. पाटलांच्या या कामाची हेटाळणी करणाऱ्यांशी मी सहमत नाही. तरीही त्यातला एक दोष आपण ओळखला पाहिजे. ज्या गावात तंटे कमी नोंदले जातील त्याला पैसे मिळणार असतील, तर तक्रार करायला निघालेल्या माणसाला अडवण्याचं कारण सगळ्या गावाला मिळतं. गंभीर गुन्हे मोहिमेच्या कक्षेबाहेर होते हे खरं. पण नवऱ्याने मारलेल्या बाईला, पाणवठ्यावर अपमान झालेल्या दलित कुटुंबाला ‘गावाचं बक्षीस जाईल’ असं सांगणाऱ्या दहा तोंडांपुढे शासन निर्णयातली अट किती टिकते? तंटा मिटणं आणि तंटा दाबला जाणं यांतला फरक गुणपत्रिकेत दिसत नाही. आणि बक्षीस एकदाच मिळत असल्याने ते मिळाल्यावर समित्यांच्या बैठकाही विरळ झाल्या. तो पैसा बक्षीस म्हणून न येता समितीच्या नियमित कामाला, मध्यस्थी शिकवायला, पीडित बाईला तालुक्याला नेण्याच्या खर्चाला दरसाल थोडा थोडा येत राहिला असता तर काय झालं असतं, असं मला वारंवार वाटतं.

आता पोलिसांकडून जरा दवाखान्याकडे वळू, कारण गावात संकट येतं तेव्हा ते खात्यानुसार वाटून येत नाही.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. ९३७ गाड्या. त्यांतल्या २३३ प्रगत उपकरणांच्या आणि ७०४ मूलभूत. प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा हा तिचा विशेष. ही सेवा ज्याखाली चालते त्या राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. भागाकार केला तर एका गाडीमागे सुमारे १ लाख २० हजार माणसं येतात. ही सेवा नव्हती तेव्हा बाळंतिणीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेत होते, हे इथल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. तिने किती घरं वाचवली याची मोजदाद नको, ती वाचवली हे आपण जाणतो. पण भामरागडला पर्लकोटा नदी फुगली, पुलावरून पाणी गेलं, की पलीकडची गाडी पलीकडेच राहते. मेळघाटात, अक्कलकुव्यात, पेठ-सुरगाण्यात शेवटचा डांबरी रस्ता संपतो तिथपासून पाड्यापर्यंत अजून झोळीच आहे. गडचिरोलीत यावर माहेरघराचा मार्ग निघाला. दिवस भरत आलेल्या बाईला आधीच आरोग्य केंद्राशेजारी आणून ठेवायचं, तिच्याबरोबरच्या माणसाची सोय करायची, बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची. यात महागडं यंत्र एकही नाही. बाई घर सोडून का येत नाही याचा विचार त्यात केलेला आहे, मजुरी बुडते म्हणून येत नाही हे ओळखलेलं आहे, आणि अनुदान नेमकं तिथे दिलेलं आहे. असं अनुदान मी आदर्श मानतो.

कोकणातलं एक उदाहरण तुम्हाला माहीत असेल. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावला की शंभरातले चाळीसेक रुग्ण दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या, लक्षणं टिपली, हृदयावर काय परिणाम होतो ते ओळखलं आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध वापरून मृत्यूचं प्रमाण शंभरात एक-दोनवर आणलं. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते काम छापलं. त्या केंद्रात तेव्हा कोणतं मोठं अनुदान आलं नव्हतं. तिथे एक डॉक्टर राहत होता. आपण आरोग्य केंद्राची इमारत बांधायला पैसा देतो आणि डॉक्टरने तिथे मुक्काम करावा अशी खोली, पाणी, मुलांची शाळा यांचा विचार मागे ठेवतो, तेव्हा नेमकं काय गमावतो ते बिरवाडीने दाखवलं आहे.

आणि आता ब्रह्मनाळ. ८ ऑगस्ट २०१९. सांगली जिल्ह्यातलं, पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. पुराने वेढलेलं. लोकांना बाहेर काढायला गावचीच बोट होती. तिच्यात झेपेल त्याहून जास्त माणसं बसली आणि ती उलटली. १७ जण बुडाले, त्यांत बाया होत्या, लहान मुलं होती. त्या बोटीत माणसं का कोंबली गेली, असं विचारणं सोपं आहे. पाणी चढताना पाहणाऱ्या आईला पुढच्या फेरीची वाट पाहा म्हणून सांगायला त्या काठावर प्रशिक्षण घेतलेला, गणवेशातला, ज्याचं लोक ऐकतील असा माणूस लागतो. प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट लागतं. इंजिन उन्हाळ्यात एकदा चालवून पाहिलेलं असावं लागतं. ही सगळी आवर्ती खर्चाची बाब आहे. महापुरानंतर नदीकाठच्या गावांना बोटी मिळाल्या, जॅकेटं मिळाली. माझी कळकळ एवढीच आहे की त्या प्रत्येक बोटीमागे दोन नावं असावीत, त्यांना वर्षातून काही दिवस सरावाचा भत्ता मिळावा आणि ती नावं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेली असावीत.

अशी माणसं तयार करण्याचा एक प्रयत्न केंद्राने केला आहे. ‘आपदा मित्र’ योजनेत ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक शिकवायचे ठरले, त्यासाठी ३६९ कोटी ४० लाख रुपये ठेवले गेले. प्रशिक्षण, साहित्याची पिशवी आणि विमा. दिशा योग्य आहे. पण शिकलेल्या मुलाला नंतर कुणी बोलवत नाही, त्याची उजळणी होत नाही, आणि दोन वर्षांत तो पुण्याला नाहीतर चाकणला कामाला गेलेला असतो. गावात राहण्याइतकं तरी त्याला मिळावं, याचा विचार योजनेत नाही. इर्शाळवाडी या डोंगरातल्या वस्तीवर जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली तेव्हा भर पावसात, काळोखात तो डोंगर पायी चढून सर्वांत आधी पोचणाऱ्यांत आसपासची तरुण मंडळी आणि गिर्यारोहक होते. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्था सह्याद्रीत वर्षानुवर्षं हे काम करतात. स्वतःच्या नोकऱ्या सांभाळून, रजा टाकून. त्यांचं कौतुक आपण सत्कार करून करतो. त्यांचे दोर आणि स्ट्रेचर किती वर्षांचे झाले, हे विचारत नाही.

आगीचा धागा मी सुरुवातीला सोडला होता, तो पुन्हा हाती घेतो. आपल्याकडे अग्निशमन केंद्रं आहेत ती मुख्यतः महापालिका, नगरपालिका आणि एमआयडीसीची. शेजारच्या गोव्यात हे राज्य सरकारचं खातं आहे. वाळपईला, पेडण्याला, काणकोणला त्यांची केंद्रं आहेत. सत्तरी तालुक्यात काजूची बाग पेटली तर कुणाच्या हद्दीत पेटली हा प्रश्न उभा राहत नाही, कारण हद्द सगळ्या राज्याची. गोवा लहान आहे, हे मान्य. पण तमिळनाडू लहान नाही, केरळ लहान नाही, आणि तिथेही हे काम राज्याने अंगावर घेतलं आहे. आपल्याकडे नगरपालिकेचा बंब हद्दीबाहेर येतो तो माणुसकीने येतो आणि त्याच्या पाण्या-डिझेलचा हिशेब कुणी द्यायचा हे पुढे लोंबकळत राहतं.

पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपये राखून ठेवले. आपल्यासारख्या राज्याने त्यात २५ टक्के वाटा घालायचा. त्याच आयोगाने ग्रामपंचायतींना जे अनुदान दिलं त्यात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिले आणि ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायला मोकळे ठेवले. मोकळे, पण दोन कुंपणं घालून. खर्च अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवरच करायचा, ज्यांत अग्निशमन नाही. आणि पगार किंवा आस्थापनेवर करायचा नाही. म्हणजे शहरांच्या यादीतल्या सेवेसाठी हजारो कोटी, आणि गावाच्या हातातल्या पैशाला त्या सेवेची वाटच बंद.

पगारावर बंदी का, याला कारण आहे आणि ते मी उडवून लावणार नाही. वित्त आयोगाचं अनुदान पाच वर्षांचं असतं. त्यातून माणसं भरली आणि सहाव्या वर्षी अनुदान आटलं तर त्या माणसांचं काय? शिवाय पगाराला मुभा दिली की कामाऐवजी भरती होते, असा अनुभव आहे. ही भीती खरी आहे. पण म्हणून माणसाचा खर्च कुणाच्याच वहीत लिहायचा नाही, हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. केंद्राला जमत नसेल तर राज्याने तो लिहावा. घटनेच्या २४३-झ कलमाने राज्याचा स्वतःचा वित्त आयोग दर पाच वर्षांनी नेमायचा असतो, आणि पंचायतींना राज्याच्या उत्पन्नातून किती द्यायचं हे ठरवणं त्याचंच काम आहे. गावाच्या सुरक्षेचं स्वतंत्र, दरसाल मिळणारं अनुदान त्याने सुचवावं आणि विधिमंडळाने ते मान्य करावं. आणि तोवर एक साधा नियम शासन निर्णयाने आजही करता येईल. गाडी, बोट, बंब, रुग्णवाहिका यांतलं काहीही मंजूर करताना ते चालवणाऱ्याचं मानधन, इंधन आणि दुरुस्ती यांची पाच वर्षांची तरतूद त्याच आदेशात दाखवावी. ती दाखवता येत नसेल तर दहाऐवजी सहाच गाड्या घ्याव्यात. सहा चालत्या गाड्या दहा उभ्या गाड्यांपेक्षा अधिक जीव वाचवतील, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

हे मुंबईत ठरेल तेव्हा ठरेल. आपल्या हातात ग्रामसभा आहे आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा आहे. पुढच्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक गावाने एक पान लिहून काढावं, अशी माझी विनंती आहे. जवळचं पोलीस ठाणं किती किलोमीटरवर, गाडी यायला दिवसा किती वेळ लागतो आणि पावसाळी रात्री किती. १०८ ची गाडी कुठे उभी असते. सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या आरोग्य केंद्रात आहे आणि रात्री ते केंद्र उघडं असतं का. आग लागली तर कोणता बंब येतो, कारखान्याचा की नगरपालिकेचा, आणि तो भरायला गावात पाणी कुठे आहे. पोहता येणारी, दोर बांधता येणारी, प्रथमोपचार शिकलेली माणसं कोण, त्यांतली गावात राहणारी किती. कोणत्या वाडीला पावसाळ्यात रस्ता उरत नाही. आशाताईंनी मागच्या वर्षी किती रात्री स्वतःच्या खर्चाने रिक्षा करून रुग्ण नेला. या पानावर ग्रामसभेत सह्या घ्या, ठरावाला जोडा, एक प्रत पंचायत समितीला आणि एक जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी पालकमंत्र्यांच्या कार्यालयात पोचती करून पोच घ्या. आणि पोलीस पाटलांचं, होमगार्डचं मानधन किती महिन्यांचं येणं बाकी आहे, हेही त्याच पानावर तारखांसह लिहा.